पेटीच्या तळाशी सापडलेली चकती : नाणे कोणते आणि नाण्यासारखे कोणते

पेण आणि रोहा ही गावे आज महामार्ग आणि लोहमार्ग यांच्या हिशेबाने ओळखली जात असली, तरी त्यांचा जुना व्यवहार पाण्याच्या वाटेने चालत असे. पेणचा भात आणि मीठ अंतोरा बंदरातून धरमतरच्या खाडीत उतरून मुंबईस जाई. आणि रोहा ज्या कुंडलिकेच्या काठी वसला आहे, तिच्या मुखाशी रेवदंड्याचा कोट १७४० पर्यंत पोर्तुगिजांच्या अमलात होता. उत्तरेस कंपनी सरकारची मुंबई, पश्चिमेस आंगऱ्यांचा कुलाबा, दक्षिणेस जंजिऱ्याच्या सिद्दीचे हबसाण आणि घाटावर पेशव्यांचे पुणे, अशा सत्तांच्या शिवेवर असलेल्या ह्या मुलखात एकाच पेठेत अनेक टांकसाळींचा पैसा फिरत असे, तो सराफ पारखून घेत असे, आणि फिरून उरलेला पैसा घरोघरच्या पेटाऱ्यांत, कोनाड्यांत आणि देवघरातील डब्यांत मुक्कामास येत असे. म्हणूनच जुने घर मोडून नवी इमारत उभारण्याच्या वेळी, किंवा आजीच्या पश्चात तिची पेटी उघडली असता, एखादी काळवंडलेली चकती हाती लागते. तिच्यावर काही अक्षरे आणि काही आकृती असतात. ती नाण्यासारखी दिसते खरी, परंतु माहितीतल्या कोणत्याही नाण्याशी जुळत नाही.

अशा प्रसंगी घरात जो पहिला प्रश्न निघतो तो बहुधा किमतीचा असतो, आणि माझ्या मते सारी गफलत तेथूनच सुरू होते. वस्तू कोणती हे ठरण्यापूर्वी तिची किंमत विचारणाऱ्यास जो तो आपल्या सोयीची किंमत सांगतो, आणि त्या आकड्याच्या मोहात वस्तूची खरी ओळख पटवून देणारा पुरावा घरचीच माणसे नकळत नष्ट करतात. हा पुरावा चकतीवर जेवढा असतो, तेवढाच, किंबहुना कित्येकदा अधिक, चकतीच्या भोवती असतो. ती कोठे सापडली, कशात गुंडाळलेली होती, तिच्या शेजारी आणखी काय होते, ती कोणाच्या वापरातली होती, घरातील त्या पिढीचा पुरुष कोणत्या चाकरीत किंवा उदिमात होता, ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे शंभर शक्यतांपैकी नव्वद आपोआप गळून पडतात. सुपारी, हळकुंड आणि अक्षता यांच्या डब्यात सापडलेली वस्तू पूजेतली असण्याचा संभव मोठा. दागिन्यांच्या डबीत, विशेषतः कान जोडलेली किंवा छिद्र पाडलेली सापडली तर ती अंगावर मिरवलेली. खरेदीखते, पावत्या आणि जमाबंदीचे कागद यांच्या दफ्तरात सापडली तर ती व्यवहारातली किंवा सरकारदरबारातून आलेली. आणि गिरणीत आयुष्य काढलेल्या आजोबांच्या कोटाच्या खिशात सापडली तर ती बहुधा नाणे नव्हेच. म्हणून वस्तू हाती येताच एका कागदावर तारीख घालून हे सर्व नमूद करावे, घरातील वृद्धांची जबानी त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावी, आणि ज्या चिंधीत, पुडीत किंवा डबीत ती होती तीही जपून ठेवावी. चकती शे-दीडशे वर्षे टिकली आहे, ती आणखीही टिकेल; तिच्याविषयी जाणणारे माणूस मात्र कदाचित पुढच्या गणपतीपर्यंत भेटणार नाही.

दुसरी गोष्ट न करण्याची आहे. चिंच, मीठ, राख, लिंबू, पितांबरी ह्यांपैकी कशानेही ती घासू नये. आपल्या घरांत देवाची भांडी लखलखीत ठेवण्याचा जो सद्‌गुण पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला, तोच येथे घातक ठरतो. कारण तांब्यावर कालांतराने चढलेली तपकिरी किंवा गर्द हिरवट झिलई हे त्या धातूचे संरक्षक कवच असते, आणि ती वस्तू जुनी असल्याची साक्षही. आम्लाने ते कवच उतरले की अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि संग्राहकाच्या व अभ्यासकाच्या दृष्टीने वस्तूचे अर्धे मोल त्याच क्षणी जाते. माती फारच चिकटली असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपावी, इतकेच. झिलई गर्द आणि घट्ट न दिसता फिकट हिरव्या भुकटीसारखी सुटत असेल, तर ती धातू पोखरणाऱ्या विकाराची खूण आहे असे समजून ती वस्तू इतरांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवावी आणि जाणकारास दाखवावी. कोकणच्या पावसाळी हवेत हे विशेष सांभाळावे लागते. साठवणीसाठी साध्या कागदाचे पाकीट उत्तम. मऊ प्लॅस्टिकच्या चिकट पिशव्यांतून सुटणारी द्रव्ये धातूवर हिरवा थर आणतात.

आता प्रत्यक्ष परीक्षा. तिला लागणारे साहित्य फारसे नाही: सोनाराचा किंवा एक शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा विद्युत्-काटा, मोजपट्टी, भिंग, एक चुंबक, पातळ कागद आणि शिसपेन्सिल. प्रथम वजन घ्यावे, मग व्यास आणि जाडी. कागद चकतीवर ठेवून पेन्सिल हलकेच घासल्यास जी अक्षरे डोळ्यांना दिसत नाहीत ती कित्येकदा ठशात उमटतात. आणि छायाचित्र घ्यावयाचे झाल्यास प्रकाश समोरून न देता एका बाजूने तिरपा द्यावा, म्हणजे झिजलेल्या उंचवट्यांची सावली पडून मजकूर वर येतो. यानंतर भिंगाने काठ पाहावा. टांकसाळीतले नाणे ठोकून किंवा यंत्राने दाबून पाडलेले असते. साच्यात ओतलेल्या नकलेच्या काठावर मात्र दोन अर्ध्यांच्या सांध्याची बारीक रेघ, किंवा ती घालवण्यासाठी केलेल्या कानशीच्या खुणा, आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांनी पडलेले सूक्ष्म खड्डे आढळतात.

वजनाचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. इंग्रजी अमलात १८३५ पासून सर्व मुलखांत एकच रुपया सुरू झाला, त्याचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. ही चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली आणि १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया तर निव्वळ निकेलचा निघाला. आता घरच्या रुपयात चांदी आहे की नाही हे त्यास ओरखडा न काढता ठरवावयाचे असेल, तर काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणावा, आणि रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल परंतु तळास व कडेस टेकणार नाही असा लोंबकळत धरावा. काटा जो आकडा दाखवील तो रुपयाने सारलेल्या पाण्याचे वजन होय. राणीच्या किंवा पंचम जॉर्जच्या अस्सल रुपयास हा आकडा सुमारे १.१३ ग्रॅम येतो; पितळेवर मुलामा दिलेल्या तितक्याच वजनाच्या नकलेस १.३५ च्या वर जातो. रुपयाचे वजन ह्या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते. शुद्ध चांदीची १०.५, तांब्याची ८.९ आणि शुद्ध सोन्याची १९.३ हे आकडे जवळ लिहून ठेवले म्हणजे कसोटीच्या दगडाचे बरेचसे काम घरच्या घरी होते. झिजेने वजनात थोडी तूट येते, ती धरून चालावे. चुंबकाची परीक्षा याहून सोपी, परंतु तिच्यात एक खाच आहे: सोने, चांदी, तांबे, पितळ यांपैकी काहीच चुंबकास चिकटत नाही, म्हणून चिकटणारी ‘चांदीची’ चकती खोटी खरी, तथापि वर सांगितलेला १९४७ चा निकेलचा रुपया अस्सल असूनही चिकटतो, आणि त्या कारणाने तो खोटा समजून फेकून देऊ नये.

हे झाल्यावर त्या चकतीकडे वळू, जिच्याविषयी लोक सर्वांत अधिक विचारतात. तांब्याची किंवा पितळेची, पैशाहून जाडसर. एका बाजूस सिंहासनावर बसलेले राम व सीता, मागे छत्र धरलेले बंधू, पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूस रोमन अक्षरांत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ आना’ किंवा ‘वन आना’, कित्येकदा ‘यू के एल’ ही तीन अक्षरे, आणि सन १८१८, १७१७ किंवा १६१६. काहींवर रामाऐवजी द्रोणागिरी उचललेला हनुमान, देवी अथवा कृष्ण असतो. ही चकती देवघरात असते, तिच्यावर इंग्रज कंपनीचे नाव असते, आणि कंपनीने रामाचे नाणे पाडले ही कल्पना मनास इतकी भावते की तिच्यावर विश्वास बसावयास वेळ लागत नाही. परंतु इतिहासाशी रुजवात घातली तर ती एका सालीही टिकत नाही. १६१६ मध्ये कंपनी ही सुरतेच्या वखारीत बसून मोगल बादशहाच्या परवानगीने व्यापार करणारी मंडळी होती; मुंबई बेट तिच्याकडे आले ते १६६८ मध्ये. तिने मुंबईत पुढे जो तांब्याचा पैसा काढला त्यावर एका बाजूस कंपनीची व्यापारी खूण आणि दुसऱ्या बाजूस तराजू असून तराजूच्या पारड्यांमध्ये फारशी लिपीत ‘अदल’ हा शब्द असे. हा पैसा पेण-रोह्याच्या जुन्या पेट्यांत खरोखर सापडू शकतो आणि तो सापडल्यास जपून ठेवावा. १८३५ नंतरच्या तिच्या अर्ध्या आण्यावर कंपनीचे राजचिन्ह आणि पानांच्या वेढ्यात मूल्य आहे, देव नाहीत. त्याचे वजन १२.९५ ग्रॅम, तर पाव आण्याचे ६.४७. आणि ‘एक आणा’ ह्या मूल्याचे नाणे त्या व्यवस्थेत नव्हतेच. सरकारने ते काढले विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, एडवर्ड बादशहाच्या वेळी, आणि तेही तांब्याचे नव्हे, तर तांबे-निकेलच्या मिश्रणाचे, लाटांसारख्या नागमोडी काठाचे.

मग ही चकती काय आहे? ती टंका आहे. भाविकाने यात्रेस जाऊन आणावी, पूजेत ठेवावी, लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडावी अशी नाण्याच्या आकाराची धार्मिक वस्तू. अशा टंका पाडण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यातील जुने चांदीचे रामटंके कलेच्या दृष्टीनेही सुंदर आहेत. राम-सीतेची आकृती असलेले अस्सल चलनी नाणे इतिहासात मुळीच नाही असेही नव्हे: अकबराने आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस धनुष्यबाण घेतलेला राम आणि सोबत सीता, वर नागरीत ‘रामसीय’ अशी अक्षरे, असे नाणे काढले होते, परंतु ते जगात अत्यंत विरळ असून मोठ्या संग्रहालयांतच पाहावयास मिळते. कंपनीचे नाव आणि जुने साल कोरलेल्या चकत्या ह्या मात्र अलीकडच्या काळात, प्राचीनत्वाचा आभास निर्माण करण्यासाठी ठोकलेल्या आहेत. आजीने ती भक्तिभावाने पुजली असेल तर तिचे देवघरातील स्थान त्यामुळे तसूभरही ढळत नाही. ढळते ते फक्त तिच्या नावाने सांगितले जाणारे लाखांचे मोल.

ह्याच चकत्यांच्या आधारे चालणारी एक फसवणूक भातशेतीच्या आपल्या मुलखात विशेष सावधपणे ओळखली पाहिजे. ‘तांदूळ ओढणारे नाणे’ म्हणून एक वस्तू दाखविली जाते. तांदळाचे दाणे तिच्याकडे सरकतात, म्हणून तिच्यात काही दिव्य किंवा अणुशक्तीच्या कामाचा धातू आहे, परदेशी कंपनी तिला कोट्यवधी रुपये देणार आहे, फक्त तपासणीची फी आधी भरा, असे सांगण्यात येते. दाणे सरकतात ते त्यांत लोखंडाचे बारीक तुकडे मिसळलेले असल्यामुळे, आणि चकतीत चुंबक असल्यामुळे. कोणत्याही नाण्यात तांदूळ ओढण्याचा गुण नाही. हा विषय निघाला की संभाषण तेथेच थांबवावे आणि पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी.

अस्सल नाण्यांपैकी आपल्या जिल्ह्याला जिचा सर्वाधिक अभिमान वाटावा ती शिवराई. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि ह्या जिल्ह्याच्याच भूमीवरून ‘श्री राजा शिव’ एका बाजूस व ‘छत्रपति’ दुसऱ्या बाजूस, अशा नागरी अक्षरांचे चलन निघाले. तांब्याच्या शिवराईचे वजन सामान्यतः दहा ते चौदा ग्रॅमच्या दरम्यान भरते, आणि ती महाराजांच्या नंतरही पुढील छत्रपती व पेशवे यांच्या काळात, अक्षरांच्या नाना वळणांनी, दीर्घकाळ पाडली जात राहिली; म्हणून शिवराई सापडली म्हणजे ती शिवकालीनच असे समजणे योग्य नव्हे. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ ही तर उत्तर काळातली. परीक्षेची एक महत्त्वाची खूण अशी: जुन्या कारागिराचा ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे आणि तुकडा हाताने, घणाने ठोकला जाई, त्यामुळे अस्सल शिवराईवर सगळी अक्षरे, सभोवारच्या ठिपक्यांच्या वलयासह, पूर्ण उमटलेली क्वचितच दिसतात. एखादीवर ‘श्री’ निम्मी कापलेली, एखादीवर ‘शिव’ काठाबाहेर गेलेले. ज्या शिवराईवर प्रत्येक अक्षर मध्यभागी, अखंड आणि वाचायला सुलभ आहे, तिच्याकडे प्रथम संशयाने पाहावे. सोन्याच्या होनाविषयी ही खबरदारी शतपट हवी. सुमारे पावणेतीन ग्रॅमचा तो अस्सल होन अतिदुर्मिळ आहे, आणि बाजारात त्याच्या प्रतिकृती स्मृतिचिन्हे म्हणून उघडपणे व नकला म्हणून चोरून, दोन्ही प्रकारे विपुल मिळतात.

फारशी अक्षरांचा रुपया सापडला की घरात ‘मोगलांचे नाणे’ असा निर्णय होतो. तो बहुधा चुकीचा असतो. अठराव्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळींतही रुपयावर दिल्लीच्या बादशहाचेच नाव, मुहम्मदशहा किंवा शाहआलम, फारशीत घालण्याचा प्रघात होता, कारण त्या नावावर बाजाराचा विश्वास होता. आपली ओळख मराठी टांकसाळी एखाद्या छोट्या चिन्हाने देत. अंकुशाची आकृती असलेला अंकुशी रुपया हा त्याचा ठळक नमुना, आणि चांदवडी रुपया दुसरा. म्हणून फारशी मजकूर वाचता येत नसला तरी अक्षरांच्या मध्ये अंकुश, फूल, त्रिशूळ, परशू किंवा एखादे नागरी अक्षर दिसते का हे भिंगाने पाहावे, आणि ते दिसल्यास त्याचा ठसा वेगळा काढावा. जाणकाराला टांकसाळ सांगण्यास तेवढे कित्येकदा पुरे होते. अलिबागेस आंगऱ्यांनीही स्वतःचा अलिबागी रुपया पाडला असे सांगतात, तेव्हा ह्या पट्ट्यातील अनोळखी रुपया घाईने वितळविण्यास देणे म्हणजे आपल्याच मुलखाचा पुरावा भट्टीत घालणे होय. रुपयाच्या अंगावर छिन्नीच्या बारीक खुणा किंवा छोटे छोटे शिक्के असतील तर ते बिघाड समजू नयेत. सराफाने चांदी पारखून मारलेल्या त्या खुणा नाणे बाजारातून खरोखर फिरल्याचे सांगतात.

नाण्यासारखी दिसणारी आणि एकेकाळी खरोखर नाणेच असलेली वस्तू आपल्या स्त्रियांच्या गळ्यात आहे: पुतळी. पुतळ्यांच्या माळेतील पातळ सोन्याच्या चकतीवर एक उभी आणि एक गुडघे टेकलेली आकृती, मध्ये काठी, आणि मागे ताऱ्यांच्या लंबवर्तुळात आणखी एक उभी आकृती असते. मुळात हे इटलीतील व्हेनिसचे डुकाट नावाचे नाणे. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तेथील अधिपती आणि मागे येशू आहे. समुद्रमार्गे व्यापारातून हे शुद्ध सोने पश्चिम किनाऱ्यावर इतके आले आणि इतके विश्वासास पात्र ठरले की आपल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडून दागिने घडविले. अस्सल डुकाटाचे वजन साडेतीन ग्रॅम आणि अक्षरे लॅटिन, वाचता येण्याजोगी. देशी पुतळीत तीच अक्षरे निरर्थक रेघा-ठिपक्यांत रूपांतरित झालेली असतात. जुन्या माळेत एखादी अस्सल मोहोर मिसळलेली असण्याचा संभव असतो, म्हणून माळ मोडण्यापूर्वी प्रत्येक पुतळी भिंगाखालून घालावी.

याउलट, नाण्यासारखी मुळीच न दिसणारी आणि तरीही नाणे असलेली वस्तू म्हणजे लारी. चांदीची जाडसर तार मधोमध दुमडून केसांतील आकड्यासारखी केलेली, आणि तिच्यावर अक्षरांचा तुटक ठसा. इराणातील लार शहराच्या नावाने ओळखले जाणारे हे चलन अरबी समुद्राच्या साऱ्या किनाऱ्यावर चालत असे, आणि विजापूरच्या आदिलशहानेही सतराव्या शतकात आपल्या नावाच्या लाऱ्या पाडल्या. चौल आणि दाभोळ ही बंदरे ज्या व्यापाराची होती, त्याच व्यापाराचा हा पैसा. कुंडलिकेच्या काठच्या एखाद्या घरात अशी वाकडी तार निघाली तर मोडीत घालण्यापूर्वी तिच्यावर ठसा आहे का, एवढे तरी अवश्य पाहावे.

यापुढील वस्तू चलन नव्हेत, परंतु त्यांची योग्यता कमी नाही. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कारखान्यांत राबलेल्या कोकणी माणसाच्या घरी पितळेची, मध्ये छिद्र असलेली, नुसता आकडा कोरलेली चकती सापडते. ती हजेरीचा बिल्ला असते. जिचे वजन नेमके तोळा, अर्धा तोळा किंवा पाव तोळा भरते आणि जिच्यावर चेहरा नाही अशी पितळेची गोल वस्तू सराफाचे वजन असू शकते. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने राजा-राणीची चित्रे असलेली पदके निघाली. वरच्या टोकास कडी किंवा ती तोडल्याची खूण असेल तर प्रथम पदकाचाच विचार करावा. ह्या वर्गातील एक वस्तू मला विशेष मोलाची वाटते. पंचम जॉर्जचा मुखवटा, मागे घोड्यावर आरूढ झालेला नग्न पुरुष, १९१४ आणि १९१८ ही साले, आणि सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा व्यास. ही चांदीची जाड चकती मोठा रुपया समजून कित्येक घरांतून सोनाराकडे गेली. ते पहिल्या महायुद्धाचे पदक आहे, आणि त्याचा खरा मजकूर तोंडावर नसून काठावर आहे: तेथे बारीक रोमन अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. सैन्यासोबत गेलेल्या मजुरांना व इतर सेवकांना तेच पदक काशाचे मिळाले. कोकणातून फौजेत गेलेल्या ज्या माणसाची घरात एकही तसबीर नाही, त्याचे नाव त्या काठावर उभे असण्याचा संभव आहे. ते पदक विकू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदाच्या वस्तूंविषयी थोडक्यात. राजाचा मुखवटा आणि नक्षी असलेला प्रत्येक जुना कागद नोट नसतो. तो मुद्रांक, कोर्टफी किंवा हुंडी असू शकतो, आणि मुखवट्याखाली कराराचा मजकूर हाताने लिहिलेला असेल तर तो मुद्रांकच. दुसऱ्या महायुद्धात सुट्या पैशाची टंचाई झाली तेव्हा मोरवी, नवानगर यांसारख्या संस्थानांनी पुठ्ठ्याची छोटी रोख-कूपने काढली होती. व्यापारी कुटुंबांच्या दफ्तरांत ती कोठूनही येऊन पडलेली असतात. ‘चिल्ड्रन बँक’ असे छापलेल्या नोटा म्हणजे निव्वळ खेळणे. सहाव्या जॉर्जच्या मुखवट्याच्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा मात्र रोहेकरांनी अवश्य उलटून पाहाव्यात, कारण १९४३ ते १९४९ ह्या काळातील त्या नोटांवर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची सही आहे. नाते गावी जन्मलेले आणि घराण्याने रोह्याचे असलेले देशमुख हे त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ह्या नोटा फार मोठ्या संख्येने छापल्या गेल्या असल्याने सामान्य नोटेस बाजारात अवाच्या सवा मोल नाही, पण रोह्याच्या घरात ती असणे ही गोष्ट वेगळीच. जुन्या मोठ्या नोटांबद्दल बँकेत जाऊन पैसे मिळतील ह्या आशेवर मात्र कोणी राहू नये: पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा जानेवारी १९४६ मध्ये, आणि पुन्हा काढलेल्या हजार व त्यावरील नोटा जानेवारी १९७८ मध्ये रद्द झाल्या आहेत.

आता कायद्याची बाजू, कारण येथे भल्या माणसाचीही अजाणता चूक होते. घरात वंशपरंपरेने आलेली वस्तू वेगळी आणि जमिनीत अथवा जमिनीशी जडलेल्या बांधकामात दडलेली वस्तू वेगळी. पाया खणताना, शेतात किंवा जुन्या भिंतीच्या पोटात मूल्यवान वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे; न कळविणे हा शिक्षापात्र गुन्हा. पेण किंवा रोह्याच्या तहसील कचेरीमार्फत अलिबागेस अर्ज द्यावा, त्यात वस्तूचे वर्णन, अंदाजे मूल्य, जागा आणि तारीख लिहावी व पोच घ्यावी. कळविल्याने सर्व काही सरकारजमा होते ही समजूत खरी नाही. मूळ मालक न निघाल्यास सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल तर पहिल्यास तीन चतुर्थांश व दुसऱ्यास एक चतुर्थांश असा वाटा कायद्यातच सांगितला आहे, आणि सरकारने वस्तू स्वतःकडे ठेवावयाची ठरविली तर तिचा मोबदला द्यावा लागतो. याखेरीज १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात. ती खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाहीत, आणि त्यांचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. परदेशातील नातलगाकडे टपालाने ‘जरा दाखवायला’ नाणे पाठविण्याचा बेत म्हणूनच सोडून द्यावा. त्यास छायाचित्र पाठवावे.

जाणकार कोठे भेटतात, हे शेवटी सांगितले पाहिजे. नाशिकजवळ अंजनेरी येथे मुद्राशास्त्राच्या संशोधनास वाहिलेली संस्था १९८० पासून कार्य करीत आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा नाण्यांचा संग्रह आणि फोर्टातील रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय ही दोन्ही पाहण्याजोगी आहेत. पेणहून सकाळी निघून दोन्ही पाहता येतात, आणि शेजारी शेजारी मांडलेली अस्सल नाणी एकदा डोळ्यांखालून गेली की नकलेचा कच्चेपणा आपोआप जाणवू लागतो. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १८८३ साली निघालेल्या कुलाबा व जंजिरा यांच्या गॅझेटियरात ह्या मुलखाच्या व्यापाराची आणि चलनाची हकीकत आहे, ती मोठ्या ग्रंथालयांत मिळते. कोणाकडेही जाताना वस्तूबरोबर आपण लिहिलेले टिपण, वजन-मापे आणि ठसा न्यावा, आणि ‘हिचे काय येईल’ असे न विचारता ‘ही काय आहे’ असे विचारावे. ओळख आणि खरेदी ही दोन कामे एकाच माणसाकडून एकाच बैठकीत करवून घेऊ नयेत.

आणि दूरध्वनीवरून किंवा समाजमाध्यमांवरून कोणी जुन्या नाण्यास लाखो रुपये देऊ करून त्यापूर्वी कर, कमिशन अथवा नोंदणीची फी मागत असेल, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव किंवा बोधचिन्ह दाखवीत असेल, तर त्यास एक पैसाही देऊ नये: ती बँक असल्या व्यवहारांत पडत नाही, त्यासाठी कसलीही फी घेत नाही आणि तिने कोणासही तसा अधिकार दिलेला नाही, असे तिने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर पत्रकाने स्पष्ट केले आहे.